मेंदूत सोडलेली तार : एका साधनाचा इतिहास

मेंढी लांडग्याला पाहते आणि जीव घेऊन पळत सुटते. तिच्या डोळ्यांना नेमके काय दिसते? लांडग्याचा रंग दिसतो, आकार दिसतो, त्याची हालचाल दिसते. परंतु लांडग्याच्या मनातील वैर ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. मग ते मेंढीला कळते कसे? हा प्रश्न सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्ने सीना (९८०–१०३७) याने विचारला. उत्तरही त्यानेच दिले. प्राण्याच्या ठायी 'वहम' नावाची एक अंतःशक्ती असते, ती न दिसणारा अर्थ ओळखते, आणि तिचे स्थान मेंदूच्या मधल्या पोकळीत असते, असे त्याचे म्हणणे. पुढच्या पोकळीत इंद्रियांकडून येणाऱ्या बातम्या एकत्र होतात, मागच्या पोकळीत स्मृती साठते, अशी त्याने मेंदूची वाटणीच करून ठेवली होती.

आपल्या समाजातील सभा-संमेलनांत अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "पाहा, हे सारे आमच्या पूर्वजांना अगोदरच ठाऊक होते." मला स्वतःला हे वाक्य कधीच रुचले नाही. इब्ने सीनाला ते ठाऊक नव्हते. त्याने तर्काने अंदाज बांधला होता आणि तो अंदाज जागेच्या बाबतीत चुकीचा होता. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी असते, विचार नसतो. त्याची थोरवी वेगळ्या गोष्टीत आहे. प्राण्याच्या डोक्यात काय चालते हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, हे त्याला कळले होते. कमी होती ती साधनाची. चालत्या-पळत्या प्राण्याच्या मेंदूतील एका पेशीशी कान लावता येईल असे साधन जगात तयार व्हायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. मी इतिहासाचा शिक्षक आहे. वर्गात राजे आणि लढाया शिकवता शिकवता एका तारेचाही इतिहास असतो हे सांगायला वेळ उरत नाही. म्हणून तो येथे सांगतो.

प्राण्यांच्या शरीरात वीज असते ही गोष्ट इटलीतील गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवर प्रयोग करून १७९१ मध्ये प्रसिद्ध केली. शाळेच्या पुस्तकात ती असतेच. त्यानंतर १८७५ साली इंग्लंडातील लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन नावाच्या डॉक्टराने ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून दाखवले की तेथेही सूक्ष्म वीज खेळते. त्या काळी ही वीज मोजण्याची पद्धत मोठी गमतीची होती : यंत्रातील चिमुकला आरसा किंचित हलायचा आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवर सरकायचा. पुढे जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर याने कवटी न उघडता, माणसाच्या डोक्यावर बाहेरून पट्ट्या लावून मेंदूच्या लहरी टिपल्या. ही नोंद त्याने १९२४ मध्ये घेतली व १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. आज इस्पितळात फिट येणाऱ्या रुग्णाची जी 'ई.ई.जी.' तपासणी करतात, तिचे मूळ येथे आहे.

परंतु बाहेरून लहरी टिपणे म्हणजे ईदगाहच्या भिंतीपलीकडे उभे राहून आतील गर्दीचा गलका ऐकणे होय. गर्दी आहे, ती शांत आहे की खळबळलेली आहे, एवढे कळते. एक माणूस दुसऱ्याला काय म्हणाला ते कळत नाही. त्यासाठी भिंतीच्या आत जाऊन एकाच्या तोंडाजवळ माईक धरावा लागेल. मेंदूपेशीच्या बाबतीत हा माईक किती लहान हवा? पेशीचे शरीर एका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे. तिच्या अगदी शेजारी टोक नेले तरी हाती येणारी वीज सुमारे एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाइतकी, आणि तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती! एवढा क्षीण इशारा वाढवून दाखवायला रेडिओचे तंत्र यावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर निर्वात नळ्यांचे वर्धक मिळू लागले आणि केंब्रिजच्या एडगर एड्रियनने १९२६ च्या सुमारास एकेका मज्जातंतूचे संदेश पकडले.

एड्रियनचा एक अनुभव फार बोलका आहे. अंधाऱ्या खोलीत एका भेकाच्या डोळ्यामागील मज्जेला त्याने तार जोडली होती आणि ती लाउडस्पीकरला लावली होती. मधूनमधून स्पीकर खडखडे, मधूनच गप्प होई. बिघाड कोठे आहे हे शोधत तो खोलीत फिरत राहिला. मग त्याच्या ध्यानात आले की आपण हललो की खडखड होते. बिघाड नव्हताच. भेकाचा डोळा त्याला पाहत होता आणि जे पाहिले ते तारेवरून सांगत होता. एड्रियनला १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेही शेरिंग्टन या दुसऱ्या थोर शास्त्रज्ञाबरोबर.

यापुढची तीस वर्षे मेंदूतील पेशींचे बोलणे ऐकायचे म्हणजे प्राण्याला भूल देऊन, डोके चौकटीत घट्ट आवळून ऐकायचे, असाच शिरस्ता होता. कारण उघड आहे. टोक केसाच्या अंतराने जरी सरकले तरी पेशी हातची जाते. आणि जागा प्राणी मान हलवतो, अंग झाडतो, खाजवतो. झुरिकच्या वाल्टर हेस याने मोकळ्या मांजरांच्या मेंदूत कायमच्या तारा बसवल्या खऱ्या, पण त्या ऐकण्यासाठी नव्हे, वीज सोडण्यासाठी. एका जागी वीज सोडली की मांजर फिस्कारे, दुसऱ्या जागी सोडली की झोपी जाई. त्यालाही १९४९ चे नोबेल मिळाले. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये उंदराच्या मेंदूत तार बसवली; ती नेमलेली जागा चुकली, आणि त्या चुकलेल्या जागी वीज मिळावी म्हणून उंदीर पुन्हापुन्हा तेथेच येऊ लागला. पुढे तर स्वतः कळ दाबून ती वीज घेऊ लागला, तेही तासन्‌तास. सुखाचे केंद्र असे सापडले, चुकीच्या वाटेने. परंतु येथेही माणूस मेंदूला काही सांगत होता, मेंदूचे ऐकत नव्हता.

ऐकण्याची तार ज्याने घडवली त्यांत डेव्हिड ह्यूबेल हे नाव मोठे आहे. कॅनडात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९५५ मध्ये सक्तीच्या भरतीने अमेरिकन सैन्यात गेला. त्याचे नशीब बरे, की त्याला बंदुकीऐवजी वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड या सैनिकी संशोधन संस्थेत काम मिळाले. जागे आणि झोपलेले मांजर यांच्या मेंदूपेशींत काय फरक पडतो हे त्याला पाहायचे होते. भूल दिलेल्या मांजराला हा प्रश्न विचारून काय उपयोग! तेव्हा मांजर मोकळे हवे आणि तार आत हवी. काचेच्या बारीक नळ्या त्या काळी वापरात होत्या, पण मांजराने मान झटकली की काच फुटे. पोलादी तार बारीक केली की वाकू लागे.

ह्यूबेलने टंगस्टन घेतले. विजेच्या दिव्यातली जी तार असते ती याच धातूची. फार कठीण, फार ताठ. तिला घासून टोक काढणे अशक्यच. म्हणून क्षाराच्या द्रावणात बुडवून वीज सोडायची आणि धातू हळूहळू झिजवत सुईहून कितीतरी बारीक टोक करायचे. त्यानंतर सगळ्या तारेवर व्हार्निशचा थर असा चढवायचा की फक्त शेवटचे टोक उघडे राहील. थर जाड झाला तर टोक झाकले जाते, पातळ झाला तर बाजूने वीज गळते. योग्य व्हार्निश सापडेपर्यंत त्याने अनेक करून पाहिली. याशिवाय मांजराच्या कवटीवर बसेल आणि तार मिलिमीटरच्या लहान लहान अंशांनी खाली नेईल असा छोटा दाब-पंपही त्याला हवा होता. तो बाजारात कोठे मिळणार? हा वैद्यकाचा पदवीधर लेथवर काम करायला शिकला. टंगस्टनच्या तारेची हकीगत १९५७ मध्ये छापून आली, आणि १९५९ मध्ये मोकळ्या मांजरांच्या मेंदूतील पेशींवरचा त्याचा लेख. मांजर पेटीत हिंडत असे, डुलक्या घेत असे. त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला की काही पेशी बोलू लागत. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, फेलिक्स स्ट्रमवासर यानेही जमिनीत राहणाऱ्या खारींच्या मेंदूत बारीक तारा ठेवून एकेका पेशीची नोंद दीर्घ काळ घेऊन दाखवली होती.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या शाळेत एक पालक आले होते. घड्याळदुरुस्तीचा त्यांचा व्यवसाय. मुलाच्या गुणपत्रिकेकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, याचा हात चांगला आहे हो, पण डोके नाही. दुकानातच बसवतो झाले." हात एका खात्यात आणि डोके दुसऱ्या खात्यात, अशी वाटणी आपण किती सहज करतो! आपल्या समाजात तारकशी करणारे आहेत, जर ओढणारे आहेत, माग चालवणारे, सोल्डरिंग करणारे, घड्याळजी आहेत. ही कामे करणारी माणसे मुलांना शिकवताना सांगतात की, आमच्यासारखे हातकाम तुझ्या नशिबी येऊ नये. भावना समजण्यासारखी आहे. पण ह्यूबेलच्या जागी ज्याचा हात चांगला नाही असा विद्वान असता तर ती तार झाली नसती, आणि ज्याला प्रश्न सुचत नाही असा कारागीर असता तर ती तार कशासाठी हे त्याला कळले नसते. त्या पालकांना मी एवढेच म्हणालो की आणखी दोन वर्षे थांबा. ते थांबले. असो.

ह्यूबेलची पुढची गोष्ट मात्र या लेखाच्या उलट दिशेला जाते आणि म्हणूनच सांगितली पाहिजे. टॉर्स्टन वीझेल याच्याबरोबर त्याने दृष्टीचा अभ्यास केला तो पुन्हा भूल दिलेल्या मांजरांवर. कारण डोळा स्थिर असल्याशिवाय त्याच्यापुढे काय ठेवले आणि पेशी कशाला बोलली हे नक्की सांगता येत नाही. त्या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले. म्हणजे मोकळा प्राणी हे काही सर्व प्रश्नांचे औषध नव्हे. काही प्रश्न बांधलेल्या प्राण्याला विचारता येतात. पण काही प्रश्न असे आहेत की बांधलेला प्राणी त्यांचे उत्तर देऊच शकत नाही. त्यांतला सर्वांत मोठा प्रश्न : मी कोठे आहे?

या प्रश्नाची पार्श्वभूमी दोन ठिकाणी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टोलमन याने १९४८ मध्ये असे मांडले की चक्रव्यूहात धावणारा उंदीर नुसती डावी-उजवी वळणे पाठ करीत नाही, त्याच्या डोक्यात त्या जागेचा नकाशा तयार होतो. अनेकांनी यावर नाक मुरडले. दुसरी घटना दुःखाची आहे. १९५३ मध्ये फिट थांबावी म्हणून एका अमेरिकन तरुणाच्या मेंदूचा 'हिप्पोकॅम्पस' नावाचा भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकण्यात आला. समुद्रघोड्यासारखा वळलेला म्हणून या भागाचे हे नाव. शस्त्रक्रियेनंतर त्या माणसाला कोणतीही नवी गोष्ट लक्षात राहीना. मॅकगिलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची तपासणी केली आणि १९५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून सर्वांना कळले की स्मृतीचा या समुद्रघोड्याशी जवळचा संबंध आहे. पण तेथील पेशी करतात काय?

जॉन ओ'कीफ याचा जन्म १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. आईबाप आयर्लंडहून आलेले. वडील बसगाड्यांची दुरुस्ती करीत. मॅकगिलमध्ये डॉक्टरेट घेऊन तो १९६७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आला. त्याने ठरवले की उंदराला काहीही करायला लावायचे नाही. खाऊ दे, पिऊ दे, झोपू दे, हिंडू दे. आपण फक्त एका पेशीचे बोलणे ऐकत राहायचे आणि उंदीर काय करतो ते पाहायचे.

हे बोलायला सोपे आहे. भूल देऊन उंदराच्या कवटीला बारीक छिद्र पाडायचे. त्यावर एक स्क्रू असलेला छोटा सांगाडा बसवायचा आणि दातांचे डॉक्टर वापरतात त्या सिमेंटने तो पक्का करायचा. जखम भरून उंदीर ताजातवाना झाला की रोज स्क्रू किंचित फिरवून तार जराशी खाली न्यायची, पेशी ऐकू येते का ते पाहायचे. उंदीर चालला की लोंबती वायर हलते, आणि हलत्या वायरचा खरखराट पेशीच्या इशाऱ्यापेक्षा मोठा होतो. त्यावर उपाय असा निघाला की ट्रान्झिस्टर टेबलावर न ठेवता थेट उंदराच्या डोक्यावरच ठेवायचा, म्हणजे इशारा वायरीत शिरण्यापूर्वीच बळकट होतो. उंदीर गोल गोल फिरून वायरीला पीळ देतो, म्हणून छताजवळ वायरबरोबर फिरणारी कडी बसवावी लागते. यातले एकही काम मोठ्या सिद्धान्ताचे नाही. सगळे मिस्त्रीचे आहे. पण यातले एक जरी बिघडले तर पुढचा शोध लागत नाही.

ओ'कीफला दिसले ते असे. एखादी पेशी तासभर गप्प बसे. उंदीर पेटीच्या अमुक एका कोपऱ्यात आला की ती तडतड बोलू लागे, कोपरा सोडला की पुन्हा गप्प. उंदराने तेथे काय केले याला महत्त्व नव्हते. तो कोठे आहे याला होते. शेजारच्या पेशीची जागा वेगळी. जणू मोहल्ल्यातील प्रत्येक नाक्यावर एकेक चौकीदार नेमला आहे आणि आपल्या नाक्यावर कोणी आले की तोच हाक देतो. जोनाथन डोस्ट्रोव्हस्की या विद्यार्थ्यासह ओ'कीफने १९७१ मध्ये एक छोटासा लेख छापला. ७६ पेशी ऐकल्या होत्या. त्यांतल्या अवघ्या ८ अशा निघाल्या. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर त्याने म्हटले की उंदराचा नकाशा येथे आहे. लोकांनी शंका घेतली. त्यांचे तरी काय चुकले? ८ म्हणजे काही फार नव्हेत. १९७८ मध्ये लिन नेडेल याच्यासह त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, तरी मान्यता हळूहळूच मिळाली.

हा शोध भूल दिलेल्या उंदरावर लागला असता काय? कधीच नाही. जो हलत नाही तो जागा बदलत नाही, आणि जो जागा बदलत नाही त्याच्या डोक्यातील चौकीदार हाक देत नाही. पेशी होती, तार होती, वर्धक होता. उंदराचे पाय मोकळे नव्हते म्हणून इतकी वर्षे नकाशा कोणाला दिसला नाही.

ब्रुकलिन येथील जेम्स रँक यांना १९८४ मध्ये याच पद्धतीने निराळ्या पेशी आढळल्या. उंदीर कोठेही असो, त्याचे तोंड अमुक दिशेला झाले की त्या बोलतात. डोक्यातला किब्लानुमाच म्हणा. फक्त त्याची सुई लोहचुंबकाने चालत नाही, आजूबाजूच्या खुणा पाहून जुळवली जाते.

आणि मेंढी? तिला मी विसरलेलो नाही. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि बाल्डविन यांनी पूर्ण शुद्धीवर असलेल्या मेंढ्यांना निरनिराळ्या चेहऱ्यांची चित्रे दाखवली आणि मेंदूच्या कानशिलाकडील भागातील पेशींची नोंद घेतली. १९८७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. काही पेशी शिंगे असलेल्या चेहऱ्यांना बोलत. शिंगे म्हणजे कळपातला मान. काही पेशी ओळखीच्या मेंढ्यांच्या चेहऱ्यांना बोलत. आणि काही अशा होत्या की त्या माणसाचा आणि कुत्र्याचा चेहरा दिसला की बोलत. माणूस आणि कुत्रा दिसायला एकमेकांसारखे नाहीत. पण मेंढीच्या दृष्टीने दोघेही धोक्याचे! इब्ने सीनाचा लांडगा त्या चित्रांत नव्हता. तरी तो वाचताना मला त्याची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही. रंग आणि आकार यांच्या पलीकडचा अर्थ ओळखणारे काहीतरी मेंढीच्या डोक्यात आहे, हा त्याचा प्रश्न बरोबर होता. जागा पोकळीत नव्हती, पेशींत होती.

एका तारेने एकाच वेळी दोनतीन पेशी ऐकू आल्या तर कोणता आवाज कोणाचा हे ओळखणे कठीण जाते. आपल्याला दोन कान आहेत म्हणून आवाज कोणत्या बाजूने आला ते कळते. तोच न्याय येथे लावला गेला. १९८३ मध्ये मॅकनॉटन, ओ'कीफ आणि कॅरल बार्न्स यांनी दोन तारा एकत्र वापरल्या, आणि त्या दशकाच्या शेवटी चार तारांचा पीळ आला. प्रत्येक तार साधारण १२-१३ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. असे अनेक पीळ एका उंदराच्या डोक्यावर बसवून मॅथ्यू विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९३ मध्ये शंभराच्या आसपास पेशी एकाच वेळी ऐकल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दाखवले की धावताना ज्या पेशी जोडीने बोलल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही जोडीने बोलतात. दिवसभर चाललेली वाट उंदीर झोपेत उजळून घेतो, असे म्हणायला हरकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. गाणाऱ्या चिमुकल्या झेब्रा फिंच पक्ष्याच्या मेंदूतही झोपेत त्याचे गाणे उमटते हे २००० साली दिसून आले. त्या पक्ष्यासाठी पुढल्या वर्षी मायकेल फी याने मोटर बसवलेला सांगाडा तयार केला, वजन अवघे दीड ग्रॅम. पक्षीच जेथे पंधरा-सोळा ग्रॅमचा, तेथे यापेक्षा जड काय चालणार?

नॉर्वेतील माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर हे त्या वेळी पती-पत्नी होते. १९९६ मध्ये काही महिने ते ओ'कीफकडे लंडनला राहून हे तंत्र शिकले. तार कशी पिळायची, कशी बसवायची, हे पुस्तक वाचून येत नाही. उस्तादाजवळ बसावे लागते. परत जाऊन ट्रॉनहाइम येथे त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि २००५ मध्ये समुद्रघोड्याच्या शेजारच्या भागात अशा पेशी दाखवल्या की एकेक पेशी एका नव्हे तर अनेक जागी बोलते, आणि त्या जागा जोडल्या तर मधमाशीच्या पोळ्यासारखी सारख्या षटकोनांची जाळी तयार होते. नकाशावर आखलेल्या रेघाच जणू. ओ'कीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या ८ पेशींचा लेख छापून तेव्हा ४३ वर्षे झाली होती.

दरम्यान तारेची जागा सिलिकॉन घेऊ लागला होता. स्टॅनफर्डमध्ये केन्सल वाइज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्येच संगणकाच्या चिपच्या तंत्राने मेंदूची सुई बनवून दाखवली होती. त्या वाटेने पुढे २०१७ मध्ये 'न्यूरोपिक्सेल्स' ही सुई आली : लांबी सुमारे एक सेंटिमीटर, रुंदी ७० मायक्रॉन, जाडी २० मायक्रॉन, आणि तीवर ९६० कान, त्यांतले ३८४ एका वेळी चालू ठेवता येतात. २०२१ च्या सुधारित सुईला चार दाते आहेत आणि ५,१२० कान. वायरलेस यंत्रे आली तशी वटवाघळेही मोकळी झाली. उडत्या वटवाघळाच्या डोक्यात उंचीसकट सर्व दिशांचा नकाशा असतो हे २०१३ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेत दिसले. आकडे मोठे वाटतात. परंतु लहान उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी पेशी आहेत आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. त्या मानाने आपण अजून ईदगाहच्या एका सफीतले चार लोक ऐकत आहोत.

माणसाला याचा काय लाभ झाला? कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत खोलवर तार बसवून वीज देण्याची पद्धत फ्रान्समधील ग्रनोबल येथील डॉ. अलीम लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून रूढ केली. वडील अल्जीरियाचे, आई फ्रेंच. तार योग्य ठिकाणी गेली की नाही हे पाहण्यासाठी पुष्कळ शस्त्रक्रियांत आधी बारीक सुईने पेशींचा आवाज ऐकतात. प्रत्येक भागाची तडतड वेगळी असते. अमेरिकेत २००४ मध्ये मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ टोकांची चिमुकली पट्टी बसवली गेली आणि त्याने नुसत्या मनाने संगणकाच्या पडद्यावरील बाण हलवला. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बाळकृष्ण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच भुकेच्या केंद्रातील एकेका पेशीवर साखरेचा काय परिणाम होतो याची नोंद प्रसिद्ध केली होती. शाळेच्या पुस्तकात हे नाव असायला हवे होते.

हे सारे मी नववीच्या वर्गात एका ऑफ तासाला सांगितले. मुलांना वटवाघूळ आवडले. एका मुलीने मात्र हात वर केला आणि विचारले, "सर, त्या मांजराला दुखत असेल ना?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आपल्या मुलांना लहानपणापासून मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपणच सांगतो. मग त्यांनी हे विचारले तर रागावायचे कशाला? मी तिला सांगितले की शस्त्रक्रिया भूल देऊन करतात, आणि मेंदूच्या गाभ्याला स्वतःची वेदना नसते, त्यामुळे तार आत असली तरी ती टोचत नाही. कवटीच्या जखमेला मात्र दुखते, त्यासाठी औषध द्यावे लागते. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये नियम सुचवले : शक्य तेथे प्राण्याशिवाय काम करा, प्राणी कमीत कमी वापरा, त्रास कमीत कमी द्या. आपल्या देशात १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत, आणि समितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. मोकळ्या प्राण्यात बसवलेल्या तारेने एकाच उंदराचे अनेक दिवस ऐकता येते, म्हणून उंदीरही कमी लागतात. हे सगळे खरे आहे आणि सगळे मी सांगितले.

"मग काम झाल्यावर त्याला सोडून देतात का?" तिने विचारले.

नाही. बहुतेक वेळा त्याला भूल देऊन मारतात आणि मेंदूचे पातळ काप करून पाहतात, कारण तारेचे टोक नक्की कोठे होते हे त्याशिवाय खात्रीने कळत नाही. ओल्ड्सची तार चुकीच्या जागी गेली होती हेसुद्धा तशाच तऱ्हेने तपासावे लागते. हेही मी सांगितले. वर्ग थोडा वेळ गप्प होता. तिने ते वहीत लिहून घेतले, आणि तास संपल्यावर बाकाजवळ येऊन विचारले की काप न करता टोक कोठे आहे ते बघायचे यंत्र कोणी करीत आहे का. क्ष-किरण आणि इतर प्रतिमा-तंत्रांनी जिवंतपणी तसे पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत, एवढे मला माहीत होते. तेवढे मी तिला सांगितले.